शिलोहाचा बुरूज आणि बल्लारशाहचा पूल

आजचे वाचन: लूक 13:1-5, अनुवाद 22:8, प्रेषितांची कृत्ये 20:7-12



आजच्या वाचनात एक बुरूज कोसळतो. शिलोहाजवळ, यरुशलेमेत. त्याखाली अठरा माणसं मरतात. त्यांची नावं लूक देत नाही, बुरूज का पडला हेही सांगत नाही. पण अशा वेळी लोकांच्या मनात काय येतं ते प्रभूला पक्कं ठाऊक आहे: "काहीतरी पाप असणार त्यांचं." प्रभू स्पष्ट नाही म्हणतो. ते अठरा जण यरुशलेमेतल्या इतर कोणापेक्षाही जास्त दोषी नव्हते. मग तो ऐकणाऱ्यांकडेच वळतो आणि म्हणतो, पश्चात्ताप तुम्ही करा.

मी चंद्रपूरची. हा उतारा आला की मला बल्लारशाह आठवतं. 27 नोव्हेंबर 2022, रविवार. आगमनकाळाचा पहिलाच रविवार होता तो. संध्याकाळी पाचच्या सुमारास पुण्याकडची गाडी पकडायला लोक पादचारी पुलावरून घाईने निघाले होते. पुलाचा सांगाडा उभाच राहिला, पण चालायच्या वाटेवरचा सिमेंटचा भाग निखळला. माणसं सुमारे 20 फूट खाली, रुळांवर पडली. एका शिक्षिकेचा जीव गेला, दहाहून अधिक जण जखमी झाले. आमच्या भागातून लांबची गाडी धरायची म्हणजे बल्लारशाह. त्या पुलावरून मीही कितीदा बॅग सांभाळत धावले आहे.

त्यानंतरच्या दिवसांत मी दोन प्रकारचं बोलणं ऐकलं. एक, "ज्याची वेळ भरली तो गेला." दुसरं आपल्याच लोकांचं: "अमक्याला पाच मिनिटं उशीर झाला, प्रभूने त्याला वाचवलं, हालेलूया!" वाचलेल्याने आभार मानावेत, जरूर मानावेत. पण ही साक्ष त्या शिक्षिकेच्या घरच्यांसमोर देता येईल का? तिच्यावर प्रभूची प्रीती कमी होती असं आपण नकळत सुचवतो का? शिलोहाच्या बाबतीत प्रभूने नेमका हाच हिशोब मोडून टाकला. जो मेला तो जास्त पापी नव्हता, आणि जो वाचला तो जास्त लाडका नव्हता.

मग पश्चात्ताप कशाचा? मूळ शब्दाचा अर्थ आहे मन पालटणं. आज एका ठिकाणी मन पालटायला हवं असं मला वाटतं. ते म्हणजे "प्रभू सांभाळेल" असं म्हणून आपण ज्याकडे बघतच नाही ते.

आणि हे फक्त रेल्वेपुरतं नाही. कॅनडात ॲबट्सफर्ड शहरात सेंट्रल हाइट्स चर्चमध्ये 25 एप्रिल 2008 ला 'स्टारफिल्ड' या ख्रिस्ती बँडचा कार्यक्रम होता. चर्च तरुणांनी भरलेलं, मंचासमोर खूप गर्दी. स्तुती रंगात आली आणि पायाखालची जमीन खचली. मुलं थेट तळघरात पडली. सुमारे 40 जण जखमी झाले. कोणी दगावलं नाही. ती मुलं काही वाईट करत नव्हती, ती गात होती.

शांत बसलेल्या शंभर जणांचा भार वेगळा आणि एका ठेक्यावर उड्या मारणाऱ्या शंभर जणांचा वेगळा. उडीवरून खाली येताना आपण स्वतःच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त जोर जमिनीवर टाकतो. सगळ्यांच्या उड्या एकाच तालात पडल्या तर ते तडाखे एक होतात. म्हणून तर सैनिक पूल ओलांडताना एका पावलात चालत नाहीत. आपली भक्ती खरी आहे म्हणून हा नियम थांबत नाही. तोही त्याच देवाने घालून दिला आहे.

आमच्याकडे जंगलालगतचा शेतकरी रात्री जागलीला जातो, तेव्हा मचाणावर चढण्याआधी प्रत्येक बांबू हाताने हलवून बघतो. कोणी त्याला अविश्वासू म्हणत नाही. एका नाताळ-गीतांच्या संध्याकाळी मी असाच एक माणूस पाहिला. मंचाची फळी मोडली, गायनवृंदातल्या मुलीचा पाय आत गेला. थोडं खरचटलं, बाकी काही नाही. लोक "प्रभूची स्तुती" म्हणून पुढचं गाणं सुरू करायला निघाले. पण एक सुतारकाका टॉर्च घेऊन मंचाखाली शिरले. बल्ल्या नुसत्या सुतळीने बांधलेल्या होत्या, एका आडव्या लाकडाला वाळवी लागली होती. ते बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, "लेकरांनो, खाली उभं राहूनच गा." सगळी गाणी मग जमिनीवर उभं राहून झाली. त्या दिवशीचा सगळ्यात चांगला संदेश मला तोच वाटतो.

अनुवादात देव सांगतो की नवं घर बांधलंस तर छताला कठडा घाल, नाहीतर तिथून कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. बघा, देव कठड्याबद्दल बोलतो! ज्या देवाने आज्ञा दिल्या, त्यालाच गच्चीच्या काठाची काळजी आहे. पडणारा कोणीही असो, कठड्याची जबाबदारी घर बांधणाऱ्याची.

आणि त्रोवसची ती रात्र. तिसरा मजला, भरलेली खोली, पुष्कळ दिवे, पौलाचं लांबलेलं भाषण. खिडकीत बसलेला तरुण युतुख झोपेत खाली पडला. पौलाने काय केलं? भाषण थांबवलं आणि तो खाली उतरला. "हा वचन ऐकताना झोपला म्हणून पडला" असं तो म्हणाला नाही. त्याने त्याला कवेत घेतलं. मुलगा जिवंत झाला, मग भाकर मोडली गेली आणि पहाटेपर्यंत बोलणं चाललं. उपासना मोडली नाही, आधी माणूस उचलला गेला एवढंच.

मित्रांनो, नाताळात आपल्या मंडळ्यांत गर्दी होते. गाणारे, मंच सजवणारे, रील काढायला बाल्कनीत दाटी करणारे बहुतेक आपणच असतो. म्हणून तीन गोष्टी कराल का? मंच कोणी बांधला, बाल्कनीत किती जण मावतात हे पाळकांना आणि कमिटीला नम्रपणे विचारा. बाहेर पडायचं दुसरं दार उघडं आहे का, की त्यापुढे खुर्च्या रचल्यात, ते स्वतः बघा. आणि कुठे काही कोसळलं तर आधी व्हिडिओ नको, मरणाऱ्याच्या पापाची चर्चा नको. पौलासारखं खाली उतरा.

प्रार्थना: हे प्रभू, बल्लारशाहच्या पुलावर ज्यांनी आपलं माणूस गमावलं त्यांना तू धीर दे. इतरांचा दोष मोजण्याची आमची सवय काढून टाक. आमच्या हातांना कठडा घालायला शिकव आणि आमच्या पायांना पडलेल्याकडे धावायला शिकव. येशूच्या नावात मागतो. आमेन.