बाजारांतील न्याय आणि दया
(मीखा ६:८)



जुन्या आयर्लंडांत गरीब कुळें बाजारीं लोणी व डुक्कर विकून जमीनदाराचा खंड भरीत. त्या बाजाराच्या दोन चाली आम्हांस बोधपर वाटतात.

पहिली चाल लोण्याची. घरच्या स्त्रिया लोणी घुसळीत. तें मीठ घालून लांकडी पिंपांत भरीत, आणि पुष्कळ पिंपें गाड्यांवरून कॉर्क शहरीं जात. तेथें १७७० पासून १९२४ पर्यंत लोण्याची मोठी पेठ होती. तेथील परीक्षक केवळ वरचा थर पाहून थांबत नसे. तो पिंपांत खोलवर सळई घालून आंतील नमुना काढी, मग प्रत ठरवी, व तिची खूण पिंपावर उमटवी.

दुसरी चाल गुरांच्या बाजाराची. पुष्कळ घासाघीस झाल्यावर मध्यस्थ दोघांचे हात धरून एकमेकांवर मारवी. हातावर हात पडला कीं सौदा कायम. कागद लागत नसे. पैसे मिळाल्यावर विकणारा त्यांतील एखादें नाणें घेणाऱ्यास परत देई. त्यास 'लक-पेनी', म्हणजे शुभाचा पैसा, म्हणत. खंडाची चिंता डोक्यावर असतां तो पैसा देणें सोपें नव्हतें. परंतु त्यामुळें दोघेही समाधानानें घरीं जात.

देव मनुष्यापासून न्याय व दया मागतो असें मीखा संदेष्टा सांगतो, आणि त्याच अध्यायांत पुढें खोट्या वजनांच्या पिशवीचा निषेध करितो. सळई ही न्यायाची खूण. परत दिलेलें नाणें ही दयेची.

बंधूंनो, रविवारीं आपला वरचा थर दिसतो. बाजाराच्या दिवशीं तळ दिसतो. अविश्वासी शेजारी आपली प्रार्थना ऐकत नाहीं, परंतु आपलें माप नीट पाहतो. आम्ही पाळक व उपदेशकही याच परीक्षेखालीं आहों. उधारी थकविणाऱ्या उपदेशकाचा उपदेश कोण ऐकेल?

यास्तव या आठवड्यांत बाजारास निघतांना टोपलीच्या तळाचें धान्य वरच्यासारखेंच आहे काय, तें पाहा. गरजवंत विधवेकडून भाव पाडून घेऊं नका. आणि माप पुरें भरल्यावर आपल्या हातानें आणखी एक मूठ घाला. जो प्रभु अंतःकरणाचा तळ पाहतो, तो त्या मुठीसही विसरणार नाहीं. आमेन.