एका फटीचा जमाखर्च

इ. स. १८८५ साली स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर पटकीची साथ उसळली, तेव्हा सारागोसाच्या प्रांतिक सरकारने वालेन्सिया येथील शरीररचनाशास्त्राच्या एका तरुण प्राध्यापकाकडे त्या रोगाच्या चौकशीचे काम सोपविले, आणि त्याच्या कामगिरीवर संतुष्ट होऊन त्याला झाइस कंपनीचे एक उत्कृष्ट सूक्ष्मदर्शक यंत्र बहाल केले. प्राध्यापकाचे नाव सान्तियागो रामोन इ काहाल. सरकारी दप्तरात ही रक्कम पटकीच्या खाती खर्ची पडली असणार. परंतु काहालला पुढे जे दिसले, त्याचा पटकीशी काडीमात्र संबंध नव्हता.

मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतू एकमेकांत मिसळून त्यांचे एक अखंड जाळे झालेले आहे, अशी त्या काळी बहुतेक विद्वानांची समजूत होती. या मताचा सर्वांत मातबर पुरस्कर्ता कामिल्लो गोल्जी. आणि गंमत अशी की, हे मत ज्या रीतीने खोटे ठरले ती रीतही त्याचीच. मिलानजवळच्या एका गावी, असाध्य रोग्यांसाठी असलेल्या रुग्णालयात नोकरीस असताना, स्वयंपाकघरात थाटलेल्या कामचलाऊ प्रयोगशाळेत १८७३ साली त्याने मेंदूच्या तुकड्यांवर सिल्व्हर नायट्रेटचा प्रयोग केला, तेव्हा पेशींच्या दाट गर्दीतून मोजक्याच पेशी नखशिखांत काळ्या होऊन उठून दिसू लागल्या. काहालने हीच रीत सुधारून पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कावर वापरली आणि त्याला आढळले की, तंतू शेजारच्या पेशीला बिलगतो, तिच्यात विलीन होत नाही. हे जगापुढे मांडण्यासाठी त्याने १८८८ साली पदरमोड करून स्वतःचेच त्रैमासिक काढले. १९०६ साली नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, तेव्हाही गोल्जीने आपल्या व्याख्यानात सहमानकऱ्याच्या सिद्धान्ताचेच खंडन केले. विद्वानांच्या हट्टाला मानसन्मानाचा उतारा चालत नाही.

पेशी जर सुट्या असतील, तर एकीचा निरोप दुसरीकडे जातो कसा? या भेटीच्या जागेला इंग्लंडच्या शेरिंग्टनने १८९७ मध्ये सिनॅप्स असे नाव दिले. नावाने प्रश्न सुटला नाही, पण तो आता नेमक्या जागी येऊन उभा राहिला.

त्याच्या उत्तराचा पहिला धागा सापडला तो एका औषधविक्रेत्याच्या पदरी. हेन्री डेल १९०४ साली लंडनमध्ये वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाला, तेव्हा मालकाने त्याला, सवड मिळेल तेव्हा अरगटचा गुंता उकलून पाहा, असे सुचविले. अरगट म्हणजे राय नावाच्या धान्यावर पडणारी एक बुरशी. बाळंतपणातील रक्तस्राव आवरण्याकरिता तिचा अर्क विकला जाई. डेलला हे काम मुळीच रुचले नव्हते. तथापि त्याच अर्काच्या एका घाण्यात असे काही निघाले की, ते मांजराच्या शिरेत टोचताच हृदयाची गती विलक्षण मंदावली. तो पदार्थ ॲसिटिलकोलीन होय, असा त्याचा सहकारी एविन्स याने छडा लावला, आणि या पदार्थाचा परिणाम विवक्षित मज्जातंतू चेतविल्यासारखाच होतो, असे डेलने १९१४ मध्ये प्रसिद्ध केले. शरीरात टिकाव धरण्यापूर्वीच विघटन पावणाऱ्या या पदार्थाला बाजारात किंमत नव्हती. तरीही डेलला त्याचा पाठपुरावा करण्यास कोणी मज्जाव केला नाही. मला या साऱ्या इतिहासात महत्त्वाची वाटते ती ही मोकळीक. प्रयोजन ठरवून दिलेला पैसा वाया जातो, असे म्हणणे उतावीळपणाचे होईल, कारण पटकी आणि अरगट या दोन्ही व्यवहारी बाबीच होत्या. परंतु मंजुरीच्या कागदावर लिहिलेल्या हेतूपेक्षा, वाटेत भलतेच काही सापडले असता त्याच्यामागे जाण्याची परवानगी अधिक फलदायी ठरली, एवढे मात्र खरे.

ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ओटो लोवी याला प्रयोगाची कल्पना स्वप्नात सुचली, ती त्याने झोपेतच टिपून ठेवली आणि सकाळी स्वतःचेच अक्षर त्याला लागेना, ही कथा प्रसिद्धच आहे. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडताच तो उठून तडक प्रयोगशाळेत गेला. बेडकाच्या एका हृदयाचा मज्जातंतू चेतवून ते मंद करावयाचे, आणि त्याच्यातला द्रव दुसऱ्या हृदयात घालावयाचा, इतकाच तो प्रयोग. दुसरे हृदयही मंदावले. म्हणजे निरोप द्रवातून गेला. हा निष्कर्ष १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९३६ साली डेल व लोवी यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दोनच वर्षांनी ऑस्ट्रिया नाझींच्या अमलाखाली गेला, लोवी तुरुंगात पडला, आणि पारितोषिकाची रक्कम नाझींच्या ताब्यातील बँकेत वळती केल्यावरच त्याला देशाबाहेर जाण्याची मुभा मिळाली. विल्हेल्म फेल्डबर्ग या ज्यू संशोधकाला तर १९३३ मध्येच बर्लिनमधून बडतर्फ करण्यात आले होते. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने तो डेलकडे आला आणि येताना जळवेच्या स्नायूवर ॲसिटिलकोलीनचा अत्यल्प अंशही ओळखण्याची हातोटी बरोबर घेऊन आला.

तरीही खुद्द मेंदूत निरोप विजेनेच जातो, असे म्हणणारा पक्ष हटला नाही. त्याचा धुरीण जॉन एकल्स याने १९५१ साली न्यूझीलंडमध्ये मांजराच्या मज्जारज्जूतील एकाच पेशीत सूक्ष्म नळी खुपसून मोजमाप घेतले, ते स्वतःच्या मताविरुद्ध गेले, आणि त्याने ते मत मोकळेपणाने सोडून दिले. गोल्जीच्या पार्श्वभूमीवर हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो.

येथून पुढे कथा आपल्या मुलखातून जाते. सर्पगंधेच्या मुळीचा वेडावर आणि रक्तदाबावर होणारा उपयोग कलकत्त्याच्या सेन व बोस या वैद्यांनी १९३१ साली नोंदविला होता. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्या मुळीविषयीचा अनुभव मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यांचे लक्ष तिकडे वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले. हे द्रव्य मेंदूतील सेरोटोनिन या निरोप पोचविणाऱ्या रसायनाचा साठा रिता करते, असे अमेरिकन सरकारच्या बेथेस्डा येथील प्रयोगशाळेत आढळले. तेथे काही महिने उमेदवारी करून स्वीडनला परतलेल्या आर्विद कार्लसनने मग आणखी कोणते साठे रिते होतात याचा शोध चालविला. रिसर्पिन दिलेले ससे कान पाडून निश्चेष्ट पडत. त्यांना डोपा, म्हणजे शरीरात ज्याचे डोपामिन बनते ते द्रव्य, टोचताच थोड्याच वेळात त्यांचे कान ताठ होत आणि ते हिंडूफिरू लागत. १९५७ च्या या प्रयोगानंतर पुढच्याच वर्षी डोपामिन हा मेंदूचा स्वतंत्र घटक म्हणून सिद्ध झाला. १९६० मध्ये व्हिएन्नाच्या होर्निकीविचने कंपवाताने मेलेल्या रोग्यांचे मेंदू तपासून त्यांत डोपामिनचा दुष्काळ दाखवून दिला, आणि १९६७ मध्ये कोट्झियास याने डोपा तोंडावाटे, मात्रा हळूहळू वाढवीत दिले, तेव्हा वर्षानुवर्षे जखडलेली माणसे चालू लागली. रक्तदाबाच्या मुळीपासून कंपवाताच्या गोळीपर्यंतचा हा प्रवास कोणत्याही अर्जात आगाऊ लिहून देणे शक्य नव्हते.

ही गोळी मात्र नाश पावणाऱ्या पेशींना वाचवीत नाही; काही वर्षांनी तिचा प्रभाव चढउतार करू लागतो, आणि हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात. पेशी का मरतात, या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला ठाम दुवा १९९७ मध्ये हाती आला. इटली व ग्रीस येथील ज्या घराण्यांत कंपवात पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला होता, त्यांच्यात एका प्रथिनाच्या जनुकात दोष सापडला, आणि कंपवाताच्या रोग्यांच्या पेशींत साचणाऱ्या गुठळ्यांतही तेच प्रथिन आढळले. त्याचे नाव सिन्यूक्लिन. ते त्याच्या नऊ वर्षे आधी, टॉर्पेडो नावाच्या विजेचा धक्का देणाऱ्या माशाच्या अवयवात, ज्यांना कंपवाताशी काहीच कर्तव्य नव्हते, सिनॅप्सच्या टोकाशी कोणती प्रथिने असतात एवढेच ज्यांना जाणून घ्यावयाचे होते, अशा संशोधकांना सापडलेले होते.