मापातले पाप

अथेन्सला गेलेल्याची नजर आधी ॲक्रॉपॉलिसच्या टेकडीवर जाते. नीतीचा विचार करायचा, तर टेकडीच्या पायथ्याशी पसरलेला ‘अगोरा’, म्हणजे जुन्या बाजाराचे अवशेष, अधिक बोलके आहेत. तिथे १९३१पासून चाललेल्या उत्खननात सार्वजनिक शिक्क्याची मातीची मापे आणि काशाची वजने सापडली. वजनांवर फासा, ढाल, कासव अशी चित्रे आहेत; अक्षरओळख नसलेल्यालाही ती ओळखता यावीत. ग्रीकांच्या बाजारांची थट्टा इराणचा राजा सायरस याने केल्याचे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवले आहे: गावाच्या मध्यावर जागा राखून शपथेवर एकमेकांना फसवणाऱ्यांना काय भ्यायचे! अथेन्सने ही शक्यता नाकारली नाही. ती गृहीत धरूनच बाजाराची घडी बसवली.

इ. स. पू. ३७५च्या सुमाराचा एक कायदा कोरलेली शिळा इथेच १९७० मध्ये मिळाली. नाणेपारख्याने सराफांच्या मेजांपाशी बसून चांदीची नाणी तपासायची. खरे ठरलेले नाणे नाकारणाऱ्या विक्रेत्याचा त्या दिवसाचा माल जप्त. वरून चांदी आणि आत तांबे-शिसे निघाले, तर नाणे तिथेच कापायचे. यावर कोणी म्हणेल, धाकाने आलेला प्रामाणिकपणा हा काही सद्गुण नव्हे. खरे आहे, पण कायदा कोणाला साधू करायला नसतो. नाणे पारखता न येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो आधार देतो आणि सचोटीच्या व्यापाऱ्यालाही वाचवतो. मापात पाप करणारा स्वस्त विकू शकतो. सामाईक माप नसेल, तर चोख माप देणाराच आधी दुकान बंद करतो. उसाच्या काट्यावर शंका आली की शेतकरी का संतापतो, हे आपल्याकडे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. हा पारखी सार्वजनिक मालकीचा गुलाम होता आणि कामात कसूर केल्यास त्याला पन्नास फटके होते. नाण्याचे पोट कापून पाहणाऱ्या या शहरात माणसेही विकली जात. मग या चोखपणाची किंमत काय? तो व्यर्थ ठरत नाही, पण अपुरा ठरतो. गुलामी होती म्हणून खोटे वजन क्षम्य होत नाही. आणि वजन खरे होते म्हणून गुलामी न्याय्य होत नाही. माप ‘किती’ ते सांगते. ‘काय विकावे’ आणि ‘कोणाच्या कष्टावर’ हे सांगत नाही. काटा चोख असला की हिशेब मिटला, असे वाटणे हीच बाजाराची जुनी सवय आहे. पारड्यात काय ठेवले आहे आणि काटा धरणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हे त्यानंतर विचारायचे असते.