वस्तऱ्यावरचा शिक्का

जुन्या वस्तऱ्याचे मूळ गाव ओळखण्याची एक रीत आहे. पाते मुठीला जिथे खिळलेले असते, तिथला बोटभर भाग पुसून उजेडात धरायचा. मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ ही अक्षरे असतील तर माल साधारणपणे व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, म्हणजे १८३७ ते १९०१ मधला. चांदणी आणि तिच्याजवळ क्रूस असेल तर तो शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचा. ‘जर्मनी’ असे देशाचे नाव कोरलेले असेल तर बहुधा १८९१ नंतरचा. आयात मालावर देशाचे नाव हवेच, हा अमेरिकेचा कायदा त्या वर्षी अमलात आला. सातारा-सांगलीकडच्या एखाद्या धोकटीतून असा वस्तरा निघाला, तर त्याचे मूळ असे सांगता येते.

पण मूळ कळले म्हणजे वस्तू कळली का?

या शिक्क्यांची कथाच मोठी बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या झोलिंगेनचे काही कारखानदार आपल्या हलक्या मालावर शेफील्डचे नाव ठोकून तो विकत. ती लबाडी उघडी पडावी म्हणून ब्रिटिश पार्लमेंटने १८८७ मध्ये कायदा केला: परका माल परका म्हणूनच ओळखू यावा. हेतू हा, की ‘मेड इन जर्मनी’ वाचून गिऱ्हाइकाने हात मागे घ्यावा. झाले उलटेच. तिथल्या कारागिरांनी काम सुधारले आणि बदनामीसाठी लावलेली ती तीन शब्दांची पट्टी खात्रीची खूण ठरली.

त्याच झोलिंगेनने त्याआधी काही शतके पासाऊ गावच्या तलवारींवरचा धावता लांडगा आपल्या पात्यांवर उतरवला होता. युरोपातली अशी पाती पुढे समुद्रमार्गे दख्खनेत आली. इथल्या कारागिरांनी त्यांना इथली मूठ बसवली आणि नाव पडले ‘फिरंग’. ती मराठ्यांच्या हाती लढली. लांडग्याची खूण पाहून तिला पासाऊची म्हणायचे, पोलाद पाहून झोलिंगेनची, की मूठ आणि मनगट पाहून इथली? शिक्का यांतल्या एकाच प्रश्नाचे उत्तर देतो, आणि तेही कधी कधी खोटे.

शिक्का घडवणाऱ्याचे नाव सांगतो, धार राखणाऱ्याचे नाही. वस्तरा पहिल्या दिवशी कितीही धारदार असो, सहाण आणि चामड्याचा पट्टा यांच्याशिवाय तो चालत नाही. तलवारीचेही तेच. ते काम करणारे ते शिकलगार. शब्द अरबी-फारसीतून आला, ‘शिकल’ म्हणजे हत्याराला चढवलेली झिलई. ‘वस्तरा’ हा शब्दही फारसी ‘उस्तरा’वरून आलेला, पण तो परका आहे असे कुणा मराठी माणसाला वाटत नाही. शब्दाला इतके सहज घर मिळते.

मिरजेच्या शिकलगारांनी तर पुढे धंदाच बदलला. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेबांनी तंबोरा घडवायला घेतला. भोपळा मंगळवेढा-पंढरपूरकडचा, घडण मिरजेची. पोलादाची पारख असलेले हात तारेची जवारी काढू लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगारांच्या हातून कैक पाती गेली, त्यांवर नाव दुसऱ्यांचे. तंबोऱ्याने मात्र त्यांच्या गावाचे नाव सरकारदरबारी लिहवले.

म्हणून मूळ विचारू नये, असे मी म्हणणार नाही. खरा शिक्का ही घडवणाऱ्याने दिलेली जबान असते: माल वाईट निघाला तर मला धरा. असे नाव अंगावर वागवण्यात कमीपणा नाही. पण १८८७ च्या कायद्यामागे जबाबदारीपेक्षा संशय अधिक होता. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपल्यालाही दोन्ही सुरांत विचारला जातो. ओळख वाढवायला विचारणाऱ्याला आपण गाव, आजोळ, धंदा सगळे सांगतो. दुसऱ्या सुरात विचारणाऱ्याला उत्तर ऐकायचेच नसते. त्याला फक्त शिक्का ठोकायचा असतो.

दोघांनाही खरेच उत्तर द्यावे: शब्द कुठूनही आला असो, धार इथल्या सहाणेवर लागली. मूळ लपवणे ही शेफील्डचे नाव ठोकण्यासारखीच लबाडी आहे. आणि मुळाकडे पाहूनच माणसाचे मोल ठरवणे म्हणजे वस्तरा न चालवताच तो बोथट आहे असे सांगणे.