नाम, लक्षण आणि वस्तू

मावळ तालुक्यात सोमाटण्याजवळ शिरगाव नावाचे गाव आहे. याच नावाचे एक गाव पालघरकडे समुद्रकाठी आहे, एक देवगड तालुक्यात आहे आणि एक गोमंतकात डिचोलीकडे आहे. नाम एक, गावे अनेक. आणि ती सारी एका नामाची असली तरी त्या नामावरून एकाचेही स्वरूप कळत नाही. मावळातील शिरगावास आणखी एक नाम लाभले आहे. तेथील साईबाबांच्या मंदिरामुळे लोक त्यास 'प्रति शिर्डी' म्हणतात. येथे एक स्थान दुसऱ्या स्थानाच्या साम्यावरून ओळखले गेले. पहिले नाम केवळ संकेत होय. दुसरे साम्यावर उभे आहे. दोहोंतही वस्तूचे लक्षण नाही. मनुष्याच्या विचाराचा पुष्कळसा व्यवहार अशाच नामांवर चालतो. म्हणून प्रश्न उत्पन्न होतो तो असा, की मनुष्य ज्यास संकल्पना म्हणतो ती वस्तूत असते, शब्दात असते, की केवळ मनाच्या सवयीत असते?

या प्रश्नाचे उत्तर भारतीय दर्शनांनी निरनिराळे दिले आहे. नैयायिकांच्या मते अनेक गायींत 'गोत्व' ही जाती खरोखर वसते आणि त्या जातीस अनुसरून शब्द प्रवर्ततो. बौद्ध आचार्य दिङ्नाग यांनी हे नाकारले. त्यांच्या मते 'गाय' हा शब्द गायीत काही दाखवीत नाही. जे गाय नव्हे ते बाजूस सारतो, इतकेच. मात्र शब्दाची परीक्षा केल्यावाचून विचार शुद्ध होत नाही, हे उभयपक्षी मान्य आहे. त्या परीक्षेसाठी शास्त्रकारांनी लक्षणाचे तीन दोष सांगितले. 'शिंगे असलेला प्राणी तो गाय' म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'कपिल वर्णाची ती गाय' म्हटले तर काळी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. 'एक खुराची ती गाय' म्हटले तर कोणतीच गाय सापडत नाही, हा असंभव.

आधुनिक विज्ञानाचा इतिहास याच परीक्षेचा इतिहास आहे. मराठी भाषा 'देवमासा' म्हणते. परंतु तो प्राणी फुप्फुसाने श्वास घेतो आणि पिलांस दूध पाजतो. लिनियस या निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ साली त्यास मत्स्यांतून काढून सस्तन प्राण्यांत ठेवले. प्राणी बदलला नाही. पोहण्याचे साम्य हे लक्षण नव्हे, एवढेच ध्यानात आले. ज्योतिषातील 'ग्रह' शब्दाची कथाही तशीच. नवग्रहांत सूर्य आणि चंद्र ग्रह होते, पृथ्वी नव्हती. कोपर्निकसाचा ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध झाला तेव्हापासून पृथ्वी ग्रहांत आली व सूर्य बाहेर पडला. पुढे २००६ साली प्राग येथील खगोलशास्त्रज्ञांच्या परिषदेने ग्रहाचे लक्षण नव्याने ठरविले, तेव्हा प्लूटोही बाहेर गेला. विज्ञान आपले शब्द पुनः पुनः मोडते, हे त्याचे वैगुण्य नसून प्रामाणिकपण होय.

महानुभाव वाङ्मयात ही जागरूकता प्रारंभापासून दिसते. सूत्रपाठातील एका प्रकरणाचे नावच 'अन्यव्यावृत्ती' आहे. अन्यापासून निवडून वेगळे करणे हा त्याचा अर्थ. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न मानले गेले ते नामभेदावरून नव्हे, लक्षणभेदावरून. जीव बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त, आणि कार्यरूप प्रपंच अनित्य. एका पदार्थाचे लक्षण दुसऱ्यावर घातले की ज्ञान ढळते. दृष्टांतपाठाची रचनाही हीच शिस्त शिकविते. सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक ही तीन अंगे केशिराजबासांनी वेगळी राखली, ती दृष्टांतातील साम्य कोठवर न्यावयाचे हे कळावे म्हणून. हत्ती आणि जात्यंध यांच्या दृष्टांतात सोंड चाचपणाऱ्याचा स्पर्श खोटा नाही. त्या एका स्पर्शास तो हत्ती समजला, हा त्याचा प्रमाद.

मात्र संकल्पना केवळ विद्वानांच्या ग्रंथांत नसतात. त्या नित्याच्या बोलीत वसतात. आद्याचार्य श्रीनागदेवाचार्यांनी संस्कृताऐवजी मराठीचा आग्रह धरला, तो साध्यासुध्या स्त्रीपुरुषांना ज्ञानापासून वंचित व्हावे लागू नये म्हणून. त्या बोलीचे एक वैशिष्ट्य येथे विचारार्ह आहे. संस्कृतात अनेकवचनी 'वयम्' हा एकच शब्द. मराठीत मात्र 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन. 'आम्ही जेवलो' म्हटले की ऐकणारा बाहेर राहिला. 'आपण जेवू' म्हटले की तो पंगतीत आला. मराठी माणूस प्रत्येक वाक्यात, नकळत, समोरच्यास आत घेतो किंवा बाहेर ठेवतो. म्हणजे शब्दाची निवड ही काही प्रसंगी नीतीची निवड ठरते.

याचे सर्वांत कठोर उदाहरण 'विटाळ' या शब्दाचे. या एका शब्दाने शतकानुशतके कोट्यवधी माणसांना पाणवठ्यापासून आणि देवळापासून दूर ठेवले, आणि स्त्रीला दर महिन्यास घरातच परकी केले. लीळाचरित्रात स्त्रीच्या मासिक धर्माविषयीचा प्रसंग आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी तेथे जे निरूपण केले त्याचा आशय असा, की नाक, कान, डोळे यांतून जसा मळ जातो तसाच हाही शरीराचा एक स्राव होय; धुतले की झाले. तत्त्वदृष्ट्या येथे काय घडले? शरीरशुद्धीचा प्रश्न स्वामींनी नाकारला नाही. 'विटाळ' नावाची जी स्वतंत्र कोटी लोकांनी कल्पिली होती, तिचे लक्षण वस्तूत कोठेही सापडत नाही, हे दाखविले. शेंबूड पुसणारा जर अपवित्र होत नाही, तर हिनेच का व्हावे? लक्षण सर्वत्र सारखे लावताच ती कोटी आपोआप कोसळते. हाच न्याय जातिविटाळासही लागू पडतो. कारण मनुष्याच्या देहात तसा भेद दाखविणारे एकही लक्षण नाही.

येथे एक शंका संभवते. सर्व भेद तपासून टाकावयाचे, तर जीव आणि परमेश्वर हा भेद तरी का ठेवावा? उत्तर असे की, सर्व भेद खोटे म्हणणे हाही एक आळसच होय. जो भेद लक्षणाने सिद्ध होतो तो राखावा. जो केवळ नामाने आणि सवयीने टिकला आहे तो सोडावा. विवेक म्हणजे भेद पुसणे नव्हे आणि भेद वाढविणेही नव्हे. भेदाची साक्ष वस्तूकडे मागणे म्हणजे विवेक.

ही साक्ष प्रथम स्वतःच्या शब्दांकडे मागावी लागते. उपदेशी, वासनिक, भिक्षू, संन्यासी ही नामे आचाराची निदर्शक आहेत. आचार नसता केवळ नाम उरले, तर ते अनेक शिरगावांसारखे होते. आणि 'आम्ही महानुभाव' असे म्हणताना दाराशी आलेला जिज्ञासू जर त्या 'आम्ही'बाहेर राहत असेल, तर ज्या स्वामींनी विटाळाची भिंत पाडली त्यांच्याच नावाने दुसरी भिंत उभी राहते. तो शब्द 'आपण' असा केव्हा उच्चारावा, याचा विचार साधकाने अवश्य करावा.