बळीचे राज्य : इतिहास की आशा?



बलिप्रतिपदेला शेलारसारख्या गावातही बळीचे राज्य येवो, असे म्हटले जाते. उद्या मुलाने विचारले, "हे राज्य खरेच होते का?" तर आपण काय उत्तर द्याल?

पुराण सांगते, वामनाने बळीला पाताळात घातले. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त ही कथा उलटी वाचली. बळी न्यायी राजा. वामन आक्रमक आर्यांचा पुढारी. खंडोबा, म्हसोबा, जोतिबा हे बळीचे अधिकारी! या राज्याचा शिलालेख नाही, नाणे नाही. तरीही, ज्यांना इतिहासच नाही असे सांगितले जाई, त्यांना या कथेने एक प्रश्न दिला : हरलेल्यांची बाजू लिहिली कोणी?

परंतु प्रश्न म्हणजे पुरावा नव्हे. परंपरेने आले म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आपल्या आवडीच्या कथेलाही हाच नियम लागतो. बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांवरील आपला ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला आणि त्याच ग्रंथात आर्य आक्रमणाचा सिद्धान्त तपासून नाकारला. आदर राहिला, सत्यही राहिले.

म्हणून मुलाला खरे सांगा. बळीचे राज्य होऊन गेले, हे सिद्ध नाही. न्यायाचे राज्य आणणे मात्र आपल्या हाती आहे. पूर्वज राजे होते म्हणून आपण थोर ठरत नाही, आणि नव्हते म्हणून तसूभरही कमी ठरत नाही. माणसाच्या प्रतिष्ठेला सिंहासनाची साक्ष कशाला हवी?