पाऊस आला, आणि मी वेलांटी दुरुस्त केली

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाच माणसं आहेत. त्यात सगळ्यात कमी लिहिणारे बाबा. सातवीपर्यंत शिकलेले, पांढरकवड्याजवळ सहा एकर कोरडवाहू शेती. जून कोरडा गेला होता, पेरणी वाया जाते की काय अशी धास्ती होती. जुलैच्या एका संध्याकाळी त्यांचा मेसेज आला : ‘आज पानी आलं. पऱ्हाटीले बरं झालं. तूरीले खत द्यायचं बाकि.’

मी तेव्हा पुण्यात, समोर एका पुस्तकाची प्रुफं. मुद्रितशोधन हा माझा पोटापाण्याचा धंदा. बोटांना सवयच अशी, की मी चटकन लिहून टाकलं : ‘पाणी. तुरीला. बाकी. 😄’

भावाने हसण्याची इमोजी टाकली, वहिनीनेही. बाबांनी अंगठा टाकला. त्यानंतर तीन महिने त्यांनी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. आमच्या प्रत्येक मेसेजवर फक्त अंगठा यायचा.

हे माझ्या लक्षात यायलाच तीन महिने लागले, ही त्यातली जास्त वाईट गोष्ट.

आधी माझी बाजू सांगते, कारण ती अगदीच खोटी नाही. मला नियम आवडतात. ‘तूर’ लिहिताना तू दीर्घ, आणि ‘तुरीला’ लिहिताना तु ऱ्हस्व, यात मला अजूनही गंमत वाटते. आमच्या तालुक्याचं कागदोपत्री नाव केळापूर. मुख्य ठिकाण पांढरकवडा. ‘केळापूर’मधला पू दीर्घ, पण ‘केळापुरात’ गेलं की ऱ्हस्व. शेवटच्या अक्षराला प्रत्ययाचं वजन मिळालं की त्याच्या अलीकडचं अक्षर आखडतं. फूल-फुलाला, वीट-विटेला, सूत-सुताला. एकदा हे कळलं की शेकडो शब्द पाठ करावे लागत नाहीत. मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ, हाही असाच सोपा नियम. ‘आणि’ नि ‘नि’ हे त्याचे दोन अपवाद. बाबांचं ‘बाकि’ त्या अपवादांत बसत नव्हतं, एवढंच.

आणि चुकीने अर्थ बदलतो, हेही खरं. नागपूर-हैदराबाद महामार्गावरून गावात शिरताना मी ‘महाराष्ट्र दीनाच्या हार्दिक शुभेच्छा’ असा फ्लेक्स पाहिला आहे. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे केविलवाणा. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. दवाखान्याच्या कागदावर हा फरक हसण्यावारी नेता येत नाही. परिणाम आणि परिमाण यांत दोन अक्षरांची अदलाबदल आहे, पण औषधाच्या बाबतीत एक म्हणजे किती घ्यायचं आणि दुसरं म्हणजे घेतल्यावर काय होतं.

म्हणून ‘भावना पोचल्या ना, मग झालं’ हे वाक्य मला पटत नाही. ते बहुतेक वेळा ज्यांचं आधीच बरं चाललेलं असतं तेच म्हणतात. गावातल्या पोराला स्पर्धा परीक्षेत ‘भावना पोचल्या’ म्हणून मार्क मिळत नाहीत. कोलाम पोडावरच्या मुलाची घरची भाषा कोलामी; ती तेलुगू-गोंडीच्या कुळातली. मराठी ही त्याची शाळेत भेटलेली दुसरी भाषा. त्याला ‘तू कसंही लिही रे’ म्हणणं ही माया नाही. दार कुठे आहे ते ठाऊक असून न सांगणं आहे ते.

मग माझं चुकलं कुठे?

बरेच दिवस मला वाटत होतं, चूक एवढीच की चारचौघांत सांगितलं, खासगीत सांगायला हवं होतं. पण ते उत्तर फार सोयीचं आहे. खासगीत सांगितलं असतं तरी बाबा गप्पच झाले असते.

दिवाळीला घरी गेले तेव्हा जुन्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचा शाळेचा दाखला सापडला. १९५४ सालचा. तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. दाखल्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं : ‘विद्यार्थ्याचें नांव’. चें वर अनुस्वार, नां वर अनुस्वार. आज मी हे दोन्ही टिंब लाल शाईने उडवीन. पण ते लिहिणारे मास्तर चुकले नव्हते. त्यांच्या काळात तेच बरोबर होतं. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये आले, शासनाने ते स्वीकारले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. १९७२ मध्ये आणखी चार नियम जोडले गेले. म्हणजे ज्या टिंबासाठी एका पिढीने छड्या खाल्ल्या असतील, तेच टिंब दिल्याबद्दल पुढच्या पिढीचे मार्क कापले गेले.

याचा अर्थ नियम फोल आहेत असा नाही. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायचं हेही माणसांनीच ठरवलंय, आणि ते पाळणं शहाणपणाचं आहे. पण डावीकडून चालणाऱ्याला आपण ‘शुद्ध’ आणि चुकून उजवीकडे गेलेल्याला ‘अशुद्ध’ म्हणत नाही. लेखनाला मात्र म्हणतो. विटाळाचा एवढा मोठा इतिहास असलेल्या समाजात हा शब्द निरागस नाही. अलीकडे बरेच जण ‘प्रमाणलेखन’ म्हणतात, तो शब्द मला जास्त प्रामाणिक वाटतो. प्रमाण म्हणजे ठरवलेलं माप. मापात न बसलेली वस्तू घाण नसते.

याच नियमांत एक जागा अशी आहे, जिथे मी अडखळते. वृत्त सांभाळताना कवीला ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर पाळणं शक्य नसेल, तर तेवढं स्वातंत्र्य त्याला आहे. आणखी एक सवलत आहे : केशवसुतांपूर्वीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचं गद्य छापताना ते मुळाप्रमाणेच छापावं. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही माहीत होतं, की काही वेळा मापापेक्षा माणसाचा आवाज मोठा असतो. त्यांनी तो मान कवींना दिला, पूर्वजांना दिला. शेतात उभं राहून, ओल्या बोटांनी फोनवर ‘पानी आलं’ लिहिणाऱ्याला तो द्यायला कुठल्या नियमाची आडकाठी होती? फक्त माझी.

चिपळूणकरांचं नाव आलंच आहे तर तेही सांगते. जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ चं, चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ पासूनची. मालेत त्यांनी फुल्यांच्या मुद्द्यांशी वाद घातलाच, पण त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाच्या चुकांचीही टर उडवली. शाळेत हे शिकताना मला चिपळूणकरांचा राग आला होता. एक माणूस म्हणतोय की माणसांना गुलाम केलं गेलंय, आणि समोरचा त्याचं व्याकरण मोजतोय! मग मी तीन ओळींच्या मेसेजवर तेच केलं. इतक्या दिवसांची धास्ती उतरली म्हणून बाप सांगतोय की पाऊस आला. आणि मुलगी सांगते, ‘पाणी’मध्ये ण असतो.

माझी चूक चारचौघांत सांगण्याची नव्हती. मी पावसाला उत्तरच दिलं नाही, ही चूक होती.

शाळेतल्या आमच्या मराठीच्या बाई आठवल्या. मी ‘डोया’ लिहायचे, ‘केस’ऐवजी ‘केसं’ लिहायचे. वही परत यायची तेव्हा लाल खुणा असायच्याच, पण त्याआधी समासात निळ्या शाईत एक ओळ असायची : ‘तुझी गाय नंतर सापडली का?’ त्यांनी आधी वाचलेलं असायचं, मग तपासलेलं. त्या निळ्या ओळीमुळे लाल खुणा मला कधी टोचल्या नाहीत. आज मला हे येतं ते त्यांच्यामुळे. दुरुस्तीने अपमान होतोच असं नाही. न ऐकता केलेल्या दुरुस्तीने होतो.

त्याच दिवाळीत बाबांनी मला एक काम सांगितलं. आजोबांच्या नावात जोडाक्षर आहे. सातबाऱ्यावर ते ठ्ठ असं आहे, आणि बाबांच्या आधार कार्डावर वडिलांच्या नावात एकच ठ. या अर्ध्या अक्षरासाठी त्यांचे पैसे अडकले होते. चार चकरा झाल्या, प्रत्येक वेळी एक मजुरी बुडाली, वर शपथपत्राचा खर्च. ते अर्धं अक्षर बाबांनी गाळलं नव्हतं. कुठल्या तरी टेबलावर कुणी तरी घाईत टाइप केलं होतं, आणि त्या माणसाला त्याचा एक रुपयाही भुर्दंड पडला नाही.

चुकीचा हिशेब आपल्याकडे असा उलटा चालतो. ज्याच्या लिहिण्याने दुसऱ्याचं नुकसान होऊ शकतं, त्याला माफी. ज्याच्या लिहिण्याने कुणाचंच काही बिघडत नाही, त्याला हसू. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मुंगीएवढ्या अक्षरांचं एखादं माहितीपत्रक ऱ्हस्व-दीर्घात अगदी बिनचूक असू शकतं. उन्हात पाठीवर पंप घेतलेल्या माणसाला ते वाचता आलं नाही, तर त्या बिनचूकपणाचं करायचं काय? माझ्या मते अचूकतेची जबाबदारी अधिकाराच्या प्रमाणात वाढायला हवी. कार्यालय, वर्तमानपत्र, औषधाची बाटली, पाठ्यपुस्तक, आणि हो, मुद्रितशोधक, यांना सूट नको. बापाने लेकीला लिहिलेल्या ओळीला सगळी सूट.

मी अर्ज लिहून दाखवला. बाबांनी चष्मा लावून, बोट फिरवत प्रत्येक शब्द वाचला. म्हणाले, “नाव पुन्हा तपास. इथं चुकलं तं पुन्हा चक्कर.”

मी म्हटलं, “बाबा, तुम्ही ग्रुपवर काही लिहीत नाही आता.”

“तू तपासतं ना,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. मग जरा वेळाने, कागदाची घडी घालत : “अर्ज लिवताना तपासाव माय. घरात बोलताना नोको तपासू.”

मी इतकी पानं विचार करून जिथे पोचले, तिथे ते दोन वाक्यांत आधीच बसलेले होते. मी ‘चुकलं माझं’ म्हटलं. ते ‘जाऊ दे’ म्हणाले आणि गाईकडे गेले. ग्रुपवर लगेच काही आलं नाही. येईल अशी माझी अपेक्षाही रास्त नव्हती.

मागच्या आठवड्यात आला. सकाळी साडेसातला, प्रुफं उघडण्याआधी : ‘दूसरं येचनं सुरु झालं. बाया कमी मिळाल्या.’

दू दीर्घ झाला होता. ‘सुरु’तला रु ऱ्हस्व राहिला होता. डोळ्यांना दिसलंच, डोळे काही बदलत नाहीत. मी लिहिलं : ‘किती निघाला? आणि बाया कमी, मग तुम्ही दोघंच वेचताय का?’

‘हो,’ बाबांनी लिहिलं. मग बराच वेळ वर ‘टाइप करत आहे’ असं दिसत राहिलं. मी प्रुफं बाजूला ठेवून थांबले.